हसणारी पोकुआ

सेर्वाच्या सिनेमाला बावीस फोटो लागणार होते. त्यातले एकवीस तयार झाले होते.

सेर्वा तिशीची, स्वतःच्या हिमतीवर पहिलाच सिनेमा करत होती. गोष्टीतलं कुटुंब खरं वाटायचं तर त्यांच्या भिंतीवर चाळीस वर्षं दिसली पाहिजेत, असं तिचं म्हणणं. म्हणून कुमासी शहरातल्या आपल्या स्टुडिओत म्हाताऱ्या फोटोग्राफर ट्वुमासीने तीन आठवडे दुसरं काम घेतलं नाही. तिच्या नटांना जुने कपडे घालून त्याने त्यांचं लग्न लावलं, बारसं केलं, शाळेतला वर्गाचा फोटो काढला. छापलेले फोटो चहाच्या पाण्यात बुडवून पिवळे केले, कोपरे बोटांनी मळवले, पत्र्यावर उन्हात टाकले. चौकटींच्या काचा काढून ठेवल्या, कारण शूटिंगचे दिवे काचेत चमकतात.

अडलं होतं ते बाविसाव्यापाशी. तो मेलेल्या आईचा फोटो. सिनेमातली मुलगी सगळं मन त्याच्याशीच मोकळं करते. पण त्यासाठी बसायला कोणी तयार होईना.

"काका, पडद्यावर मी दहा वेळा मरेन," तिसरी नटी म्हणाली, "पण भिंतीवर मरणार नाही. माझ्या आईने तो पाहिला ना, तर माझ्याआधी तीच जाईल!"

सोमवारी शूटिंग. गुरुवारी सेर्वा स्टुडिओत डोकं धरून बसली होती. कागद शोधताना तिने एक खण उघडला. आत ट्वुमासीच्या बायकोचा, पोकुआचा फोटो होता. तिला जाऊन आठ महिने झाले होते. नवा फ्लॅश तपासायला ट्वुमासीने तिला बसवलं होतं आणि नेमकी तेव्हाच एक कोंबडी आत शिरली होती. पोकुआ मान मागे टाकून हसत होती, सगळे दात दिसत होते.

"काका, हीच ती आई," सेर्वा म्हणाली. मग जीभ चावली. "पण बादूमामांना विचारावं लागेल."

"लागेलच. आणि ते नाही म्हणतील. एकदा म्हणालेत."

त्यांच्या रिवाजात बाई मेली की ती नवऱ्याची राहत नाही, आईच्या घराण्याची होते. पोकुआच्या घराण्यात शब्द तिच्या थोरल्या भावाचा, बादूचा. अंत्यविधीला ट्वुमासीने हाच फोटो पुढे केला होता. "मयताला कोणी दात काढतं का?" म्हणत बादूने तो परत केला. मग अंत्यविधीच्या पोस्टरांवर गावभर भिंतींवर जी पोकुआ लागली ती सोन्याने मढलेली, ओठ मिटलेली, रागावल्यासारखी. छत्तीस वर्षं संसार केलेल्या ट्वुमासीला ती बाई ओळखीची वाटली नव्हती. आपली पोकुआ एकदा तरी लोकांनी पाहावी, एवढंच त्याला हवं होतं. पुन्हा नकार मिळाला तर तिसऱ्यांदा विचारायचं तोंड त्याला नव्हतं.

शुक्रवारी, मागणं घेऊन जाताना न्यायची असते ती जिनची बाटली घेऊन दोघं बादूच्या अंगणात जाऊन बसले. सेर्वाने विनंती मांडली. बादूने बाटलीला हात लावला नाही.

"ही सिनेमातली बाई कोण? चेटकीण वगैरे आहे का?"

"नाही मामा. बाजारात कापड विकायची."

"नवऱ्याला सोडून पळते?"

"सिनेमा सुरू व्हायच्या आधीच ती मेलीय. पळायला वेळच मिळाला नाही."

बादूची बायको तोंडावर हात धरून हसली. बादू हसला नाही. "आणि फोटोचं काय होतं?"

सेर्वाने ट्वुमासीकडे पाहिलं. "भावाबहिणींच्या भांडणात... खाली पडतो."

"माझी बहीण पडणार नाही! दुसरं काही पाडा. घड्याळ पाडा."

"घड्याळ पाडते, मामा."

तेव्हा कुठे बादूने फोटो हातात घेतला. बराच वेळ तो लांब-जवळ धरून बघत राहिला.

"भावोजी, हिला असं हसता येत होतं?"

"रोज हसायची, दादा."

"माझ्यासमोर कधी नाही हसली. मी थोरला ना. मला बघितलं की तोंड मिटायची." त्याने बाटली उघडली, मेलेल्यांना देतात तशी थोडी जिन जमिनीवर ओतली आणि बहिणीला नावाने हाक मारून सांगितलं, "पोकुआ, ही माणसं तुझा चेहरा मागायला आलीत. चांगल्या कामाला नेतायत. तू यांच्याबरोबर जा."

कोणी उपकार केला की दुसऱ्या दिवशी पहाटे त्याच्या दारी जाऊन आभार मानायचे असतात. शनिवारी उजाडायच्या आत सेर्वा कॅमेरावाल्यापासून स्वयंपाकिणीपर्यंत नऊ माणसं घेऊन आली. ट्वुमासीही होताच. सगळ्यांनी ओळीने हात मिळवले, आभार मानले. बादूने ऐकून घेतलं आणि म्हणाला, "बसा. माझं राहिलंय."

तो उठला. खांद्यावरचं वस्त्र त्याने कमरेपर्यंत खाली घेतलं, पायातल्या चपला काढल्या. राजासमोर उभं राहायचं तसा तो उघड्या खांद्याने ट्वुमासीसमोर उभा राहिला.

"एका फोटोसाठी परकी पोरं पहाटे माझ्या दारी आली. माझी बहीण एकोणीस महिने अंथरुणावर होती. भावोजी, तुम्ही तिला भरवलंत, न्हाऊ घातलंत, कुशीवर वळवलंत. आमच्या घरातून तुमच्या दारी एकही माणूस आला नाही. मी रात्री झोपताना म्हणायचो, उद्या जाऊ. आज सगळ्या घराण्याच्या वतीने मी तुमचे आभार मानतो."

यावर द्यायचं उत्तर ठरलेलं असतं. आपल्यात आभार कसले, असं म्हणायचं आणि समोरच्याला मोकळं करायचं. ट्वुमासीच्या ओठांवर ते आलंही. पण कुशीवर वळवताना पोकुआचं हाताला लागणारं वजन त्याला आठवलं, आणि ते शब्द त्याने गिळले. हे आभार त्याला हवे होते.

"मिळाले, दादा," तो म्हणाला.

बादूने मान हलवली, वस्त्र खांद्यावर घेतलं आणि बायकोला सगळ्यांसाठी पेज आणायला सांगितली.