तोंडी परीक्षेत नापास होण्याचा प्रयत्न

त्या घरात कोणताही मोठा निर्णय दोन परीक्षकांनी तपासल्यावाचून होत नसे. बाबांनी उभे आयुष्य गणित शिकवण्यात घालवले होते, आईने भाषा शिकवण्यात. आणि दोघांच्याही सुट्ट्या परक्या मुलांच्या उत्तरपत्रिका तपासण्यात गेल्या होत्या. निवृत्तीनंतर उत्तरपत्रिका यायच्या थांबल्या, पण तपासण्याची सवय काही सुटली नाही. सोफा घेताना, भाडेकरू ठेवताना, फार काय, थोरलीसाठी जावई पसंत करतानाही दोघांनी एकमेकांना न दाखवता शंभरपैकी गुण दिले होते. दोघांच्या गुणांत फार तफावत पडली, की प्रकरण नियामकाकडे, म्हणजे आत्याकडे जाई. आत्या ही बाबांची मोठी बहीण. रसायनशास्त्राच्या प्रात्यक्षिकाला बाहेरून येणारी परीक्षक म्हणून तिचा असा दरारा होता, की ती दारात दिसताच मुलांच्या हातून परीक्षानळ्या निसटत. जावयाला तिने पास केले खरे, पण ‘काठावर’ असा शेरा मारून. तो बिचारा अजूनही सासरी आला की पाठ ताठ ठेवून बसतो.

आता पाळी धाकटीची होती. घरात सर्वांत उंच असूनही तिला सगळे छोटी म्हणत. एका विमा कंपनीच्या सांख्यिकी विभागात ती नोकरी करत होती आणि तिला विद्यापीठात एम.एससी.ला प्रवेश मिळाला होता. सोमवारपर्यंत होकार कळवायचा होता. दुसरीकडे, ज्या ड्रायव्हिंग स्कूलमध्ये ती स्वतः गाडी शिकली, तिथल्या वस्तादांनी तिला कायमची शिक्षिका म्हणून ये, असे म्हटले होते. वर्षभर सुट्टीच्या दिवशी ती तिथे शिकवतच होती. स्टीअरिंग पाहूनच घाम फुटणाऱ्या बायका तिच्याकडे येत, आणि एखाद्या सकाळी त्यांचे कानाला भिडलेले खांदे अचानक खाली उतरत. तो क्षण पाहण्यासाठी छोटी आठवडाभर विम्याचे आकडे सहन करी.

तिचा निर्णय झाला होता. अडचण एवढीच होती, की तो बाबांना सांगण्याची तिची छाती होत नव्हती. प्रवेशाची बातमी त्यांनी दूधवाल्यापासून दंतवैद्यापर्यंत सर्वांना सांगितली होती. दंतवैद्याला तर स्वतःचा जबडा त्याच्या हातात असताना. तेव्हा तिने एक युक्ती काढली. घरच्या रिवाजाप्रमाणे दोन्ही पर्यायांच्या बाजूने तिला तोंडी बोलायचे होते. एम.एससी.च्या बाजूने बोलताना सपशेल आपटायचे, ड्रायव्हिंगच्या बाजूने तडाखेबंद बोलायचे, आणि पुढचे काम गुणांवर सोडायचे.

शनिवारी दुपारी बाहेरच्या खोलीत परीक्षा झाली. छोटी ठरल्याप्रमाणे अडखळली, मुद्दे विसरली, मध्येच खिडकीबाहेर पाहत राहिली. परंतु घाबरलेल्या उमेदवाराला सांभाळून घेण्याबद्दल बाबा प्रसिद्ध होते, हे ती विसरली. ‘म्हणजे तुला असं म्हणायचंय ना,’ असे म्हणत त्यांनीच एकेक मुद्दा पुरवला, तिच्या प्रत्येक ‘अं’वर समाधानाने मान हलवली, आणि शेवटी त्या सुंदर उत्तराला ब्याऐंशी गुण दिले. आईने पस्तीस दिले. ड्रायव्हिंगवर मात्र छोटी इतकी अस्खलित बोलली, की दोघांनाही पाठांतराचा संशय आला, आणि दोघांनी एकमताने तिला जेमतेम पास केले.

युक्ती अंगलट आली होती. वर एम.एससी.च्या गुणांतली तफावत डोळ्यांत भरण्याजोगी होती. बाबांनी लगेच फोन लावला.

रविवारी सकाळी आत्या आली. तिने दोघांचे गुण पाहायचे नाकारले, छोटीला समोर उभे केले आणि एम.एससी.वर पुन्हा बोलायला सांगितले. छोटी पुन्हा अडखळली. काल अडखळली होती, नेमकी तिथेच. आत्याने चष्मा काढून पुसला.

“कॉपी करून पास होणारी पोरं मी पोत्यानं पाहिलीत,” ती म्हणाली. “जीव तोडून नापास होणारी तू पहिलीच.”

बाबांनी आधी आत्याकडे पाहिले, मग छोटीकडे. असे ती का करेल, असे त्यांनी विचारले. ते मला काय विचारतोस, उमेदवार समोर उभी आहे, असे आत्याने त्यांना सुनावले. उमेदवार म्हणाली, की घसा जरा बसलाय.

आत्याने घशाची चौकशी केली नाही. ड्रायव्हिंग हा मुळात प्रात्यक्षिकाचा विषय असून त्याची तोंडी परीक्षा घेणे हाच अडाणीपणा आहे, असे तिने जाहीर केले. शिकणारी व्यक्ती म्हणून ती स्वतः बसणार होती. तिने जन्मात कधी गाडी चालवली नव्हती. फक्त चालवणाऱ्याच्या शेजारी बसून सूचना दिल्या होत्या.

तासाभरात स्कूलची गाडी प्रदर्शनाच्या रिकाम्या मैदानावर उभी होती. आत्या स्टीअरिंगवर, शेजारी छोटी, मागे आई आणि बाबा. गाडीने पहिल्यांदा बेडकासारखी उडी मारली आणि ती बंद पडली. दुसऱ्यांदा नुसतीच बंद पडली. बाबांनाही गाडी येत नव्हती, पण क्लचचे तत्त्व ठाऊक होते, आणि ते त्यांनी मागून समजावून सांगायला घेतले. आईने त्यांना वाक्य पूर्ण करायला सांगितले. आत्याचे खांदे कानांना जाऊन भिडले.

“पायाकडे बघू नकोस, आत्या,” छोटी म्हणाली. “प्रयोगशाळेत ब्युरेटची तोटी कशी सोडायचीस, थेंब थेंब? क्लच तसाच सोड.”

गाडी हलली. कशी कोण जाणे, पण चालू लागली. “ताई, आता दुसरा गिअर,” मागून आवाज आला, आणि आत्याचा पाय दचकून निसटला. पुन्हा सगळे थांबले.

छोटी मागे वळली. शिकणाऱ्याशी एकानेच बोलायचे असते, तेव्हा मागच्यांनी खाली उतरावे, असे तिने शांतपणे सांगितले. मुख्याध्यापक वारल्यापासून बाबांशी कोणी या सुरात बोलले नव्हते. ते उतरले. आई त्यांच्या आधीच उतरली होती.

मोकळ्या गाडीने मैदानाला अख्खी फेरी घातली. आत्याचे खांदे हळूहळू खाली आले.

“त्याला सांगणार कधी?” समोरून नजर न हटवता आत्याने विचारले.

“गुण नीट पडले असते तर सांगावंच लागलं नसतं.”

“म्हणजे बंदूक आमच्या खांद्यावर. छान. मी गुण देत नाही जा. दोन्ही विषय कोरे. त्याच्यापाशी गाडी थांबवते, तूच बोल.”

बाबा जवळ आले, आणखी जवळ आले, आणि मागे पडले. आत्याला थांबवता आले नव्हते. निम्मे मैदान गेल्यावर तिच्या डोक्यात प्रकाश पडला.

“तुझ्याही पायाशी ब्रेक आहे ना गं?”

“आहे,” छोटीने कबूल केले.

दुसऱ्या फेरीला आत्याने स्वतःच गाडी थांबवली. बाबांपासून चार पावले पुढे आणि थोडी तिरकी. बाबा खिडकीशी आले. छोटीने काच खाली केली. ती त्यांच्या शर्टाच्या गुंडीकडे पाहत बोलली.

“बाबा, मला एम.एससी. करायचं नाही. मला हे करायचंय.”

“कधी ठरवलंस?”

“प्रवेश मिळाला त्या दिवशीच. पण तुम्ही इतके खूश होता.”

“मी तर तुला ब्याऐंशी दिले होते,” बाबा म्हणाले.

“ते तुम्ही स्वतःला दिले होते, बाबा.”

आई हसली, तोंडावर हात ठेवूनसुद्धा ते लपले नाही. बाबा हसले नाहीत. त्यांनी गाडीच्या टपावर हात टेकला. पुढल्या वर्षी पुन्हा प्रवेश मिळू शकतो का, असे त्यांनी विचारले. मिळेलही, मिळणारही नाही, असे छोटीने सांगितले, आणि या वेळी ती कुठेही अडखळली नाही. त्यांनी सावकाश मान हलवली. आपण शिकवलेली रीत सोडून कोणी गणित सोडवले, की ते अशीच मान हलवत: उत्तर पटलेले नसे, पण पायऱ्यांत चूक सापडत नसे.

“वस्तादांना उद्या हो म्हणून सांग,” शेवटी ते म्हणाले. “विद्यापीठाला मी कळवतो. तेवढं मला करू दे.”

छोटीने होकार दिला. बाबांनी आत्याच्या बाजूला जाऊन दार उघडले आणि म्हणाले, की ताई, तू आता उतर, एक फेरी मी मारून बघतो. आत्याने दार ओढून लावले. आपला अभ्यासक्रम अजून पूर्ण झालेला नाही, असे तिने खिडकीतून कळवले आणि क्लच थेंब थेंब सोडला. गाडी माणसाच्या चालीने निघाली. बाबा तिच्या बरोबरीने चालत, खिडकीत वाकून दुसऱ्या गिअरविषयी सांगू लागले.

छोटीने हात लांबवून आत्याच्या बाजूची काच वर केली.

“डावीकडे घे, आत्या,” ती म्हणाली. “आणि जरा वेग वाढव.”