मी घड्याळ होणार नाही

मी एक जुनं लाकडी रीळ आहे. गळाची दोरी गुंडाळून ठेवणारं आणि समुद्रातून मासा ओढून आणणारं. मित्रांनो, जुन्या वस्तू आपली कहाणी सांगायला बसल्या की आधी चार आसवं गाळून घेतात. मी तसलं काही करणार नाही. माझ्या कडेला तडा गेलाय, पितळेवर हिरवा थर चढलाय, आणि तरीही यंदाच्या जुलैला मी कामावर हजर होतो. कीव करायचीच असेल तर दुकानातल्या काचेच्या कपाटात बसलेल्या त्या चकचकीत रिळांची करा. बिचाऱ्यांना अजून खारं पाणीसुद्धा लागलेलं नाही.

माझा जन्म दक्षिण आफ्रिकेतल्या डर्बनचा. अप्पलसामी नायडू तिथल्या एका फर्निचरच्या कारखान्यात लेथवर कामाला होता. टेबलांचे पाय, खाटांचे गोल खांब कातायचा. एकदा मोडीत काढलेल्या बोटीच्या सागवानाचा एक ओंडका कारखान्यात आला. त्यात खिळ्यांची भोकं होती, म्हणून मुकादमाने तो कोपऱ्यात फेकला. अप्पलसामीने तो उचलला आणि तीन आठवडे जेवणाच्या सुट्टीत कातला. ताटाएवढं चाक, कडेला दोरीसाठी खोबण, मधोमध पितळेची आस. मुठी मात्र ड्रॉवरच्या लावल्या, दोन. त्या अजून तशाच आहेत.

नव्या रिळांच्या पोटात दाते असतात, बारीक चाकं असतात, मासा जोरात पळाला तर बेताने दोरी सोडणारा ब्रेक असतो. माझ्या पोटात काहीही नाही. माझा ब्रेक म्हणजे धरणाऱ्याचा तळवा. मासा पळाला की माझ्या मुठी उलट्या गरगर फिरायला लागतात. तेव्हा त्या सोडून द्यायच्या आणि तळवा माझ्या कडेवर टेकवायचा, कधी हलका, कधी दाबून. हे ज्याला कळत नाही त्याची बोटं मी फोडतो. मला त्याचं कधी वाईट वाटलेलं नाही.

त्या काळी किनाऱ्यावर पाट्या होत्या. इथपर्यंतची वाळू गोऱ्यांची, इथून पुढची हिंदी लोकांची. कातळ, खोल पाणी आणि मासे त्यांच्या वाट्याला, आणि गटाराचं तोंड आमच्या. जुलैच्या सुट्टीत आमचं सगळं बिऱ्हाड किनाऱ्यावरच्या एका पत्र्याच्या खोलीत यायचं. एका वर्षी तारल्यांचे थवे किनाऱ्याला लागले, त्यांच्यामागून मोठे मासे आले, आणि ते थांबले नेमके पाटीपलीकडच्या पाण्यात. अप्पलसामीने पाटीला पाठ टेकली, पाय आपल्याच वाळूत रोवले आणि तिरका गळ फेकला. शिपाई धावत आला. तुझी दोरी पलीकडे गेली आहे, म्हणाला.

“मी तर इकडंच उभा आहे साहेब,” अप्पलसामी म्हणाला. “मासा तिकडचा आहे. त्याला पाटी वाचता येते का, जरा बघून सांगा.”

शिपायाने दोरी कापली. अप्पलसामीने दुसरा गळ बांधला आणि तिथेच फेकला. तीही कापली. तिसराही तिथेच पडला, तेव्हा शिपाई शिव्या घालत निघून गेला. त्या दिवशी आम्ही अकरा मासे आणले. माझं केवढं कौतुक झालं म्हणून सांगू. गल्लीतली माणसं मला हातात घेऊन फिरवून बघत होती.

पुढे त्या पाट्या गेल्या. पण अप्पलसामीच्या स्वतःच्या घरात एक पाटी होती, ती काही त्याला दिसली नाही. ती त्याच्या बायकोपुढे रोवलेली होती. वीरम्मा तिचं नाव. पहाटे उठून पोळ्या आणि बटाट्याची भाजी बांधायची, चहाचा थर्मास घ्यायचा, तारल्या चिरून गळाला लावून द्यायच्या, आलेले मासे साफ करायचे, आणि बाकीचा वेळ वाळूत बसून बघायचं, हे तिचं काम. एकदा तिने विचारलं, मी फेकून बघू का. तो इतका हसला की बाजूच्या दोघातिघांनी मागे वळून पाहिलं. तू गळ फेकलास तर मासे कोण शिजवणार, म्हणाला. तो माझा बनवणारा होता, माझं त्याच्यावर प्रेम होतं. पण त्या दिवशी मला त्याचा राग आला, आणि तो अजून गेलेला नाही.

आता एक गोष्ट सांगतो, जी त्या घरात माझ्याशिवाय कुणाला ठाऊक नव्हती. घरी आलं की मला गोड्या पाण्याने धुवायचं, खोबरेल चोळायचं, हे काम वीरम्माचं. अप्पलसामी कारखान्यात गेला की ती मला गळाच्या काठीला बसवायची आणि मागच्या उतारावर न्यायची. गळ नाही, नुसता शिशाचा गोळा. फेकताना माझ्या कडेवरचा हात नेमका सोडायचा आणि शिसं खाली पडायच्या आत परत टेकवायचा, नाहीतर मी सुसाट फिरत राहतो आणि दोरीचा असा गुंता होतो की विचारू नका. पहिल्या दिवशी शिसं शेजाऱ्यांच्या पपईवर जाऊन अडकलं आणि गुंता सोडवता सोडवता तिची दुपार गेली. दुसऱ्या दिवशी ती परत उतारावर हजर! महिन्याभरात ती शिसं उताराखालच्या ओढ्यापलीकडे टाकायला लागली. वर्षानुवर्षं हे असं चाललं. किनाऱ्यावर मात्र ती गप्प बसून तारल्या चिरायची, आणि मी त्या माणसाच्या हातात असताना तिच्याकडे बघायचो.

दोन वर्षांपूर्वी अप्पलसामी गेला. मी शेडमध्ये खिळ्याला टांगलेला राहिलो. कोळ्यांनी माझ्यावर जाळी विणली. त्याचंही मी रडगाणं गाणार नाही.

यंदाच्या जूनमध्ये दोघा मुलांनी ठरवलं, जुलैत पुन्हा किनाऱ्यावर जायचं, सगळ्यांनी. वासू थोरला, सगरन धाकटा. वासूच्या बायकोचं, निरोशनीचं, म्हणणं होतं की जुन्या काठ्या सगळ्या सडल्यात, नव्या घ्या. म्हणून एका शनिवारी सगळे दुकानात गेले. वासूने मला प्लास्टिकच्या पिशवीत घातलं होतं. मला वाटलं, नवी दोरी भरणार असेल. कसलं काय! दुकानदार जुनी लाकडी रिळं घेऊन त्यांची भिंतीवरची घड्याळं करायचा आणि किनाऱ्यावरच्या हॉटेलांना द्यायचा. भिंतीवर तीन टांगलेली होती. मधोमध भोक पाडून काटे बसवलेले, मुठी काढलेल्या. माझ्या बदल्यात वासूला एका काठीवर सूट मिळणार होती.

मुलगे काठ्या वाकवून बघत होते, ही हलकी, ती ताठ, या रिळाला दाते किती, त्याला किती. दुकानदाराने मला पिशवीतून काढून काउंटरवर ठेवलं आणि पेन्सिलने माझ्या पोटावर एक ठिपका काढला. भोक पाडायची जागा! तेवढ्यात वीरम्मा आत आली. तिला गाडीतच बसायला सांगितलं होतं. तिने मला पाहिलं, ठिपका पाहिला, पदराच्या टोकाला थुंकी लावली आणि ठिपका पुसून टाकला.

“हे रीळ माझं आहे,” ती म्हणाली.

वासू ओशाळला. “अम्मा, तुला काय करायचंय त्याचं? तुझ्यासाठी बघ किती मस्त खुर्ची घेतलीय. हाताशी कप ठेवायला भोक आहे.”

“खुर्ची निरोशनीला दे. मला काठी दाखवायला सांग.”

दुकानदार मोठा समजूतदार माणूस. तो लहान मुलींची गुलाबी काठी घेऊन आला. वीरम्माने तिच्याकडे पाहिलंसुद्धा नाही. ती कोपऱ्यातल्या लांब काठ्यांपाशी गेली, तेरा फुटी एक उचलली, रीळ बसवायची जागा बुडाशी आहे ना ते चाचपलं, टोक छताला टेकवून वाकवलं, परत ठेवली. दुसरी उचलली. तिसरी. चौथी तिला पसंत पडली. दुकानदाराचं हसू तोवर मावळलं होतं, आणि त्याने गुलाबी काठी गुपचूप जागेवर नेऊन ठेवली.

गाडीत वासूने गाडीचा आरसा नीट करत हिशेबाने बोलायला सुरुवात केली. आईची पासष्टी उलटली, गुडघे दुखतात, लाटांत पाय घसरला तर कोण निस्तरणार. शेवटी म्हणाला, ठीक आहे, एकदा हौस भागवून घे. पण पहिला मासा सुटला, तर खुर्चीत बसायचं आणि हे रीळ दुकानात. वीरम्मा खिडकीबाहेर बघत राहिली. ती काही बोलली नाही, म्हणून सगळ्यांनी तो होकार धरला.  पहिला मासा कुणाचा सुटत नाही हो?

जुलैत किनाऱ्यावर पहिल्याच सकाळी ती नवऱ्याची जुनी पँट घालून आली, पायाला दोरीने बांधलेली. मुलगे एकमेकांकडे बघून हसले. वीरम्माने पाणी जोखलं. लाटा फुटत होत्या त्या रेघेपलीकडे एक खोल, काळसर चर होता. तिने दोन पावलं मागे घेतली, काठी खांद्यामागे नेली आणि गळ फेकला. मी सुटलो! किती वर्षांनी सुटलो. दोरी सळसळत गेली, शिसं चराच्या अगदी मध्ये पडलं, आणि पडायच्या आत तिचा हात माझ्या कडेवर आला. एक वेढा सैल नाही. सगरन तोंडातली पोळी गिळायचा थांबला. आई हे कुठे शिकली, असं त्याने निरोशनीला विचारलं. निरोशनी म्हणाली, तुम्हीच तिचे मुलगे ना, मला काय विचारता?

तासाभराने मासा लागला. कॉब होता, घोळीच्या जातीचा, मोठा. आधी दोन जड झटके, मग सरळ समुद्राकडे धाव. माझ्या मुठी उलट्या फिरल्या. वीरम्माने हात काढून घेतला, तळवा टेकवला. वासूला वाटलं, आईच्या हातून मूठ निसटली. तो “धर, धर” करत धावत आला आणि फिरणारी मूठच पकडायला गेला. मी त्याला दिलेला प्रसाद तो जन्मभर विसरणार नाही. तीन बोटं सुजली. तो खाली बसला आणि निरोशनीने त्याचा हात तारल्यांच्या बर्फात खुपसला.

वीरम्माने मान वळवली नाही. मासा पळाला की दोरी सोडायची, दमला की गुंडाळायची. तिचा तळवा भाजून लाल झाला.  काठी दे म्हणून सगरन दोनदा पुढे आला, तिने दोन्ही वेळा त्याला कोपराने बाजूला केलं. अर्ध्या तासाने मासा शेवटच्या लाटेत आला. त्याची चंदेरी कूस सगळ्यांना दिसली. आणि त्या क्षणी तिने तोंडावर आलेले ओले केस सारायला एक हात उचलला. मासा उसळला, दोरी कातळावर घासली, तुटली.

 मी तिच्या हातात लटकत होतो आणि मला ते घड्याळाचे काटे दिसत होते. वासू बर्फातला हात सांभाळत जवळ आला. तो वाईट मुलगा नाही, मित्रांनो. अगदी हळू आवाजात बोलला.

“जाऊ दे अम्मा. छान खेळवलास. पण आपलं ठरलं होतं ना.”

“कुणाचं ठरलं होतं?” वीरम्मा म्हणाली. “तू बोललास. मी हो म्हणाले का?”

“अम्मा…”

“तुझ्या बापाचे किती मासे सुटले, ठाऊक आहे? चाळीस वर्षं मी वाळूत बसून बघितलेत. एका जुलैत सात सुटले, ओळीने. त्याला कुणी खुर्ची आणून दिली?”

  वासू खाली बघायला लागला. वीरम्मा वाळूत बसली, पँटच्या खिशातून नवा गळ काढला आणि तुटलेल्या दोरीला बांधायला लागली. भाजलेल्या तळव्याने गाठ नीट बसेना. तिने दातांनी ओढली. सगरनने न सांगता एक तारली चिरली आणि तिच्यापुढे धरली. त्या घरात तारली चिरून तिच्या हातात द्यायची कुणाचीही पहिलीच वेळ होती. तिने ती गळाला लावली, उठली आणि त्याच चरात पुन्हा गळ टाकला.

त्या दिवशी आम्हाला मासा मिळाला नाही. संध्याकाळी निरोशनीने विकतच्या डबाबंद माशांची आमटी केली आणि सगळ्यांनी ती निमूट खाल्ली. दुसऱ्या दिवशी पहाटे वीरम्मा सगळ्यांच्या आधी उठली. थर्मास वासूने भरला.

तर मित्रांनो, जुन्या वस्तूंना जपा, पुसून नीट ठेवा, असं तुम्हाला सगळेच सांगतात. मी नाही सांगणार. मला पुसून ठेवू नका, मला वापरा. तडा वाढून एक दिवस मी दुभंगलो तर समुद्रावर दुभंगेन, भिंतीवर नाही. आणि तुमच्या घरात कुणी म्हाताऱ्या बाईने काठी मागितली, तर तिला खुर्ची आणून देऊ नका. काठीच द्या, आणि मासा सुटला तर गप्प उभे राहा.