तेल पाजलेला पियानो

मी एक जुना पियानो आहे, मित्रांनो. मांडवीतल्या एका शाळेच्या सभागृहात, समुद्राकडच्या खिडकीखाली उभा आहे. आता माझ्यावर खेळाच्या सामानाची पोती असतात.

माझा जन्म दूरच्या कारखान्यात झाला. पोटात ताणलेल्या तारा आणि त्यांच्यावर पडणाऱ्या, लोकरीने मढवलेल्या हातोड्या. एका जहाजाच्या कप्तानाने मला शाळेला भेट दिलं, तेव्हा मला हार घातला होता. काही वर्षं माझ्या सुरावर प्रार्थना झाली. मग भिंतीवर स्पीकर लागले आणि माझं झाकण मिटलं.

ते पुन्हा उघडलं आत्मारामने. तो जहाजावरचा जुना खलाशी, नात वेदिकाला न्यायला यायचा. जहाजावरच्या वादकाकडून तो कॉर्ड शिकला होता. कॉर्ड म्हणजे तीन स्वर एकदम दाबायचे. पण दोर ओढून त्याची बोटं जाड झाली होती. ती दोन काळ्या पट्ट्यांमध्ये अडकत, एका पट्टीबरोबर शेजारचीही दाबत.

"आजोबा, ही बोटं की राजेळी केळी?" वेदिका हसायची.

"केळी तर केळी गो! तुझ्या गाण्याला मीच वाजवणार, बघ."

स्नेहसंमेलनात ती गाणार होती. आत्मारामने युक्ती काढली. तीन स्वर शेजारी शेजारी न घेता तो लांब लांब घेऊ लागला. एक खाली, एक मध्ये, एक पार वर. एवढ्या अंतराला दुसऱ्या कुणाचा पंजा पुरला नसता. माझ्यातून असा भरलेला आवाज आधी कधी निघाला नव्हता.

पावसाळा तोंडावर आला. खारी हवा मला खाईल म्हणून तो काळजीत पडला. तेलाचा डबा घेऊन त्याने संगीताच्या निलेशसरांना विचारलं, "सर, होडीला पाजतो तसं ह्यालाही तेल पाजू काय? आतून?"

सर मोबाइलमध्ये होते. "पाजा हो. कोण वाजवतंय त्याला!"

त्याने मायेने माझं पोट तेलाने माखलं. लोकर ते प्यायली. खारी हवा लागू नये म्हणून त्याने संमेलनापर्यंत झाकण उघडलं नाही. पावसाळाभर माझ्या हातोड्या फुगल्या आणि एकमेकींना चिकटल्या.

संमेलनात वेदिका उभी राहिली. आत्मारामने पंजे पसरून कॉर्ड दाबला. पट्ट्या खाली गेल्या, त्या वर आल्याच नाहीत. आवाज नाही. सभागृह हसलं. सर म्हणाले, "स्पीकर लावा रे."

आत्माराम आपल्या बोटांकडे बघत राहिला. "माझ्या ह्या बोटांनीच मोडला गो," तो वेदिकाला म्हणाला. त्यानंतर तो इथे आला नाही. वेदिकाला न्यायला आला तरी फाटकाबाहेर थांबतो, हात खिशात घालून.

बोटांचा दोष नव्हता, हे मला माहीत आहे. सरांनाही माहीत आहे. मला बोलता येत नाही. त्यांना येतं.

मित्रांनो, माझ्यावरची पोती काढा असं मी म्हणत नाही. तुम्हाला कुणी हातात तेलाचा डबा घेऊन काही विचारलं, तर मान वर करून उत्तर द्या. आणि फाटकाशी तो म्हातारा दिसला, तर त्याला सांगा, आजोबा, बोटं चांगली होती.