दौंडच्या शिंप्याने लावलेली फीत

मित्रांनो, मी एक जुनी फीत आहे. सैनिकाच्या बाहीवर व्ही अक्षरासारखी पांढरी पट्टी असते ना, तीच मी. एक फीत म्हणजे लान्सनाईक, दोन म्हणजे नाईक, तीन म्हणजे हवालदार. माझ्या बहिणी आपली गोष्ट ऐटीत सांगतात, कारण त्यांना कुणीतरी कमावलेले असते. मला कुणी कमावले नाही. दौंड स्टेशनाबाहेर पोलिसांचे कपडे शिवणाऱ्या एका शिंप्याच्या डब्यात मी पडून होते. पुढचे सांगायची मला लाज वाटते, तरी सांगते.

बांगलादेशची लढाई नुकतीच संपली होती. वडगाव रासाईचा चांगदेव सैन्याच्या वैद्यकीय दलात होता. दंडावर लाल क्रॉसची पट्टी बांधायची आणि स्ट्रेचर घेऊन जखमींना उचलून आणायचे, हे त्याचे काम. त्याच्या बाहीवर एकच फीत होती. तो सुट्टीवर आला तेव्हा त्याच्या मामाने, सावळारामने, त्याला स्टेशनावरून थेट शिंप्याकडे आणले.

मामाला तरी काय बोल लावावा? दुसऱ्या दिवशी गावाने चावडीसमोर सत्कार ठेवला होता. बौद्धवाड्यातल्या माणसाला तिथे खुर्ची आणि फेटा मिळण्याची ही पहिलीच वेळ. शेजारच्या खुर्चीवर पाटलांचा पोलिसातला मुलगा बसणार होता, आणि त्याच्या बाहीवर दोन फिती होत्या. मामाच्या मनाला ते फार लागले होते.

“त्यो दौंडाच्या बाहीर गेला न्हाई, त्याला दोन. आन् तू लढाईतनं आलास, तुला एकच? लोक काय म्हंतील?”

“मामा, असं लावता येत न्हाई. गुन्हा हाय त्यो.”

“एका दिसाचं तर काम हाय. जाताना उसवून टाक. गावात कुणाला कळतंय?”

चांगदेवने सदरा काढून दिला आणि शिंप्याने सुई ओवली. माझ्या शेजारची जुनी फीत चिखलारक्तात भिजून, धुवून, पुन्हा भिजून मळकट झाली होती. मी मात्र पांढरीशुभ्र. तिच्या शेजारी मला अंग चोरावेसे वाटत होते.

सत्कार थाटात झाला. आई भागुबाईने ओवाळले, सरपंचांनी “नाईक चांगदेव” म्हणून नाव पुकारले, टाळ्या पडल्या. चांगदेवने मान वर केली नाही. तेवढ्यात बायकांच्या घोळक्यातून खांद्यावर घोंगडी टाकलेली एक म्हातारी पुढे आली. ती तानुबाई, नदीपलीकडच्या खुटबावची. तिचा मुलगा ज्योतिबा चांगदेवच्याच तुकडीत होता. तो लढाईतून परत आला नव्हता.

“बाबा, माजा ज्योतिबा तुज्याबरूबर हुता म्हणं?”

“व्हय, आई.”

तिने माझ्याकडे पाहिले. “दोन फिती म्हंजी हुकूम देणारा, असं हितं मानसं सांगत्यात. मंग तूच त्याला म्होरं धाडलंस का? दुसरं कुनी न्हवतं?”

चांगदेवने नाही म्हणावे, तर सगळ्या गावासमोर माझी गोष्ट सांगावी लागणार. गप्प राहावे, तर ही आई त्याला जन्मभर आपल्या मुलाचा घात करणारा समजणार. माझ्यामुळे ही वेळ आली होती, आणि मला तर खाली गळून पडताही येत नव्हते.

“आजी, आज आनंदाचा दिवस हाय. बसा तुम्ही,” सरपंच म्हणाले. तानुबाई मागे वळली. तेव्हा चांगदेव उभा राहिला आणि त्याने मला बाहीवरून ओढून काढले.

“आई, ही खोटी हाय. काल दौंडात लावली. माजी एकच हाय. दोन फिती ज्योतिबाच्या होत्या, त्यो माजा वरचा. ‘तू जखमींजवळ थांब, मी जातो,’ असा हुकूम त्यानं मला दिला आन् आपण गेला. त्यानं मागं ठिवलं म्हणून मी हितं उभा हाय.”

मागे कुणीतरी हसले. मामा उठून निघून गेला. तानुबाईला मात्र दुसरेच काही ऐकू आले होते. दुसरी फीत लागल्यापासून ज्योतिबा घरी आलाच नव्हता.

“त्याच्या दोन हुत्या?”

“दोन, आई.”

“कशा दिसत हुत्या? दाव मला.”

चांगदेवने मला पुन्हा त्या मळक्या फितीला लावून धरले. तानुबाईने आम्हा दोघींवरून बोट फिरवले. इतक्या मायेने मला कुणी कधी हात लावला नाही. ती माया माझ्यासाठी नव्हती. मला मेल्याहून मेल्यासारखे झाले.

“ठेवा तुमच्याजवळ,” म्हणत चांगदेवने मला तिच्या तळहातावर ठेवले. तिने मला थोडा वेळ धरले आणि परत दिले.

“नगं बाबा. ही त्याची न्हाई.”

पुढे चांगदेवला खरीच दुसरी फीत लागली. मी त्याच्या ट्रंकेत तयार असूनही त्याने मला काढले नाही, आणि ते योग्यच झाले.

मित्रांनो, फीत असो की पदक, अंगावर लावायला सुईदोरा पुरतो. पण ते ज्याचे असते त्याची कुठेतरी आई असते. तिच्यासमोर उभे राहता येईल तेवढेच बाहीवर लावा.