पश्चिमेच्या खिडकीसाठी झाडं

ताई घसरून पडली त्याला चार महिने झाले होते. मार मणक्याला लागला होता. पाय हलत नव्हते, मान जेमतेम डावीकडे कलायची, आणि डावीकडे होती खिडकी. खिडकीत दिसायची शेजारच्या इमारतीची राखाडी भिंत. ना दार, ना वाळत घातलेला कपडा, नुसती भिंत.

तीस वर्षं ताई दोऱ्यांच्या दुकानात बसली होती. बायका पदराचा तुकडा घेऊन यायच्या, ती एक डोळा बारीक करून बघायची आणि नेमकं रीळ काढून द्यायची. अशा बाईला देवाने राखाडी भिंत दिली होती. पहिला महिना ताईने चेष्टेत काढला, भिंतीच्या सतरा छटा पाठ झाल्या म्हणून येणाऱ्या-जाणाऱ्याला सांगितलं. मग तिने दिवसा डोळे उघडणंच सोडलं. जेवण भरवताना तोंड तेवढं उघडायची. दिवसा ताईपाशी असणाऱ्या नर्सबाई धाकटीला बाजूला घेऊन म्हणाल्या, की औषधं आपलं काम करताहेत, पण हिने मनच काढून घेतलंय, आणि ते काही गोळीने परत येत नाही.

धाकटी म्हणजे ताईची सख्खी बहीण, तिच्याहून सहा वर्षांनी लहान. ती रोपांच्या नर्सरीत कामाला होती. कोणत्या खिडकीत कोणतं झाड जगेल हे सांगण्यात तिचा हात धरणारं कुणी नव्हतं. गिऱ्हाईक एखाद्या फुलावर भाळून कुंडी उचलायचं, आणि ती आधी विचारायची, "ऊन किती तास येतं?" उत्तर देता आलं नाही, तर घरी जाऊन मोजून या म्हणायची. फुलाच्या नव्हे, जागेच्या प्रेमात पडा, हा तिचा लाडका धडा. लहान मुलं आली की त्यांना तर ती तासभर समजावत बसायची.

मग तिने स्वतःच्या बहिणीची खिडकी मोजली. एका सुट्टीच्या दिवशी, थंडी नुकतीच सरत होती तेव्हा, ती पलंगाशी बसून राहिली. ऊन एकला समोरच्या भिंतीच्या कडेने तिरपं खिडकीबाहेरच्या हातभर रुंद कट्ट्यावर आलं आणि सहाला गेलं. पाच तास, तेही पश्चिमेचं, उन्हाळ्यात भाजून काढणारं. तिने मनातल्या मनात निवड केली. पिटुनिया नको, तो थंडीचा पाहुणा. कोलियसच्या पानांचे रंग सुरेख, पण असल्या उन्हात त्याचं तोंड उतरतं. सदाफुली हवी, पांढरी आणि गडद गुलाबी. झिनिया हवा, शेंदरी. लांब कुंडीत ऑफिस टाइम, ऊन आलं की उघडणारी, खाली लोंबणारी. आणि कोपऱ्यात घाणेरी, एकाच गुच्छात पिवळा आणि नारिंगी. सगळी उन्हाची पोरं, जितकी तापतील तितकी फुलणारी.

कट्ट्याच्या एका टोकाला एसीचं बाहेरचं यंत्र होतं. ते तिने पाहिलं होतं. बंद होतं, धूळ खात पडलं होतं. उलट तिला बरंच वाटलं, वाऱ्याला आडोसा होईल म्हणून.

कुंड्या मांडल्या त्या सकाळी ताईने डोळे उघडले. एकेका कुंडीवर नजर फिरवली. मग म्हणाली, "शेंदरी जरा जास्तच चढलाय. पांढऱ्याच्या शेजारी ठेव, निवेल."

धाकटीने कुंडी सरकवली. चार महिन्यांत ताईने तिच्यावर पहिल्यांदा हुकूम सोडला होता. त्या दिवशी नर्सरीत तिने दोन गिऱ्हाइकांना उगाचच एकेक रोप फुकट दिलं.

त्याच आठवड्यात उन्हाळा लागला. पडून राहून ताईच्या पाठीला जखमा झाल्या होत्या, घामाने त्या चिघळायला लागल्या. नर्सबाईंनी सांगून टाकलं, सकाळी दहा ते संध्याकाळी सहा एसी चालू, त्यात खंड नाही. धाकटी सकाळी आठला कामावर जायची आणि सातला परतायची. तिसऱ्या संध्याकाळी झिनियाची पानं कडेने कुरकुरीत झालेली दिसली. तिला वाटलं, पाणी कमी पडलं. सकाळचं पाणी वाढवलं. पाचव्या दिवशी सदाफुलीने मान टाकली. सदाफुली उन्हात मान टाकते, हे तिने जन्मात पाहिलं नव्हतं. तिने पानं उलटून कीड शोधली, माती उकरून मुळं पाहिली. सगळं ठीक होतं, फक्त झाडं मरत होती.

साप्ताहिक सुट्टीला ती भर दुपारी घरी होती. पाणी घालायला खिडकी सरकवून तिने हात बाहेर काढला आणि चटकन मागे घेतला. यंत्राचा पंखा गरगर फिरत होता आणि त्याचं तोंड सरळ कट्ट्याकडे होतं. भट्टीचं दार उघडावं तसा वारा कुंड्यांवरून वाहत होता, भिंतीवर आपटून परत येत होता. ऊन सोसणारी झाडं तिने निवडली होती. हा वारा उन्हाचा नव्हता. तो या खोलीतला ताप होता, ताईच्या पाठीवरून काढून बाहेर फेकलेला.

तिने जगाला जागा मोजायला शिकवली होती आणि स्वतः यंत्र बंद असताना मोजून बसली होती.

एसीवाला आला. त्याने वर पाहिलं, खाली पाहिलं, म्हणाला, यंत्र हलवायला दुसरी भिंतच नाही. आडवी फळी लावली तर हवा कोंडून यंत्र बंद पडेल. "काकू, झाडं आत ठेवा की," तो सहज म्हणाला. आत ऊन नव्हतं. उन्हाची पोरं आत आठ दिवसांत पांढरी पडली असती. आणि नर्सबाईंनी जखमांपाशी ओली माती आणायला आधीच बंदी घातली होती.

मग धाकटीने एक गोष्ट केली. रोज संध्याकाळी ताईला औषधाची गुंगी आली की ती होरपळलेली कुंडी उचलायची आणि पहाटे तशीच दुसरी, नर्सरीतून विकत आणलेली, त्या जागी ठेवायची. धडधाकट, कळ्यांनी भरलेली रोपं. रोज सकाळी ती एक जिवंत झाड त्या वाऱ्यात उभं करायची आणि रोज संध्याकाळी त्याचं काय झालं ते उचलून न्यायची. आयुष्यात एकाही गिऱ्हाइकाला तिने असं करू दिलं नसतं. पण ताई डोळे उघडे ठेवत होती, दोन घास जास्त खात होती.

हे अकरा दिवस चाललं. बाराव्या दिवशी तिची सुट्टी होती. ताईने तिला पलंगाजवळ बोलावलं.

"ती गुलाबी," ताई म्हणाली, "कालची नाही."

"तीच आहे गं. उन्हाने रंग उतरतो."

"उतरला असता तर मी काही बोलले नसते. ही चढलीय. दुसऱ्या रिळाची आहे." ताईचा एक डोळा बारीक झाला होता. "आणि झिनियाची तर ही चौथी. मला वाटलं, आज सांगशील, उद्या सांगशील."

धाकटी पलंगाच्या कडेला बसली. तिने सगळं सांगितलं, यंत्राचं, वाऱ्याचं, एसीवाल्याचं.

"म्हणजे मला गार करायला ती भाजताहेत."

"तसं नाही गं."

"तसंच आहे. पुरे झालं. उरलेली परत ने, बाई. तिकडे तरी जगतील."

"मग तू काय बघणार?"

ताईची नजर कुंड्यांवर गेली. मग म्हणाली, "बंद कर ते. थोडा वेळ. एकदा नीट बघू दे."

घड्याळात दीड वाजला होता. धाकटीने रिमोट उचलला आणि एसी बंद केला. बाहेरचा पंखा थांबला. पानं स्थिर झाली. पश्चिमेचं ऊन कट्ट्यावर आलं होतं आणि ऑफिस टाइमची सगळी फुलं उघडी होती, पिवळी, राणी रंगाची, पांढरी. वाऱ्यावाचून ती किती शांत दिसत होती. ताईने हळूहळू रंग सांगायला सुरुवात केली, दुकानातल्या नावांनी. मोतिया. डाळिंबी. हळदी. धाकटी मान डोलावत राहिली.

दहा मिनिटांत खोली तापली. ताईच्या कपाळावर घाम आला, मग ओठांवर. धाकटीने पुसला. तो परत आला. पाठीखालची चादर ओलसर लागायला लागली. ताई रंग सांगतच होती, पण एकेका नावाला जास्त वेळ लागत होता, आणि मधे ती दात आवळत होती.

"लावू?" धाकटीने विचारलं.

"अजून शेंदरी राहिलाय."

धाकटीने आणखी थोडा वेळ काढला. मग चादरीवर तांबूस डाग दिसला आणि तिने न विचारता बटण दाबलं. थंड झोत आला. ताईचा चेहरा सैल पडला. बाहेर यंत्र थरथरलं, पंखा फिरू लागला, आणि कट्ट्यावरची पानं एकदम सगळी एका बाजूला कलून हलायला लागली.

धाकटी रिमोट हातात धरून तशीच उभी राहिली. ताईने डोळे मिटले होते. झोप लागली म्हणून मिटले, की पुन्हा पहिल्यासारखे मिटले, हे विचारायचं तिला धाडस झालं नाही.