जुन्या वळणावर बुडवलेलं झाड

मित्रांनो, मी सीडरचं, म्हणजे देवदारासारखं एक जुनं झाड आहे, पण मला शोधायला रानात जाऊ नका. अमेरिकेत टेनेसीतल्या एका मोठ्या धरणाच्या तलावात, तळाशी, पाण्याखाली गेलेल्या जुन्या रस्त्याच्या वळणावर मी उभा आहे. माझ्या बुंध्याला सिमेंटचा ठोकळा बांधलेला आहे. पानं केव्हाच झडली, साल गेली, आता नुसत्या फांद्या उरल्या आहेत. तरीही माझ्यापाशी एक गोष्ट आहे. ती ज्यांना सांगायची होती, त्यांना मला कधीच सांगता आली नाही, म्हणून तुम्हाला सांगतो.

मी होलिस टॅकेटच्या कुंपणाला लागून उगवलो. मला कोणी लावलं नाही आणि कोणी पाणीही घातलं नाही. त्याच्या गाई येताजाता माझ्यावर अंग घासायच्या, त्यामुळे माझी एक बाजू उघडीच राहिली. एका डिसेंबरात होलिस करवत घेऊन आला आणि मला तोडून नाताळासाठी घरी घेऊन गेला. दारात त्याची बायको व्हर्ना उभी होती.

“अरे म्हाताऱ्या, याला तर टक्कल पडलंय!”

“ती बाजू भिंतीकडे करू.”

“मग तुलाही तसंच उभं करायला हवं,” ती म्हणाली आणि हसता हसता तिला खोकल्याची उबळ आली. ती उबळ बराच वेळ थांबली नाही.

त्या भागात नाताळचं झाड सण संपल्यावर वाया घालवत नाहीत. होलिस आणि व्हर्ना दर जानेवारीत आपलं झाड होडीत घालून, बुंध्याला ठोकळा बांधून तलावात सोडायचे. थंडी पडली की तिथला बास मासा सुस्तावतो, खोल पाण्यात उतरतो आणि बुडवलेल्या झाडाच्या फांद्यांमध्ये आडोसा धरून बसतो. आपलं झाड नेमकं कुठे सोडलं, हे मात्र कोणी कोणाला सांगत नाही, नाहीतर तिथले मासे दुसराच नेईल. चर्चमध्ये शेजारी बसणाऱ्यालासुद्धा नाही.

मासे पकडण्यात व्हर्ना नवऱ्यापेक्षा सरस होती. थंडीतला मासा आमिषामागे धावत नाही, अगदी तोंडाशी आलं तरी विचार करत बसतो. व्हर्ना गळ तळापर्यंत सोडायची आणि हात जवळजवळ हलवायचीच नाही. होलिसला तेवढा दम नव्हता. मग ती त्याला विचारायची, “तू मासे पकडतोयस की ताक घुसळतोयस?”

त्या वर्षी मात्र जानेवारी आला तरी मी तलावात गेलो नाही. व्हर्नाने अंथरूण धरलं होतं. पुढची खोली सगळ्यांत उबदार, म्हणून तिची खाट तिथेच, माझ्या शेजारी आणली होती. माझी पानं तांबूस पडून तिच्या पांघरुणावर गळत होती. शेजारची ओपल तिची शुश्रूषा करायला यायची. ती एकदा म्हणाली, “नववर्षानंतर झाड घरात ठेवू नये गं. वर्ष वाईट जातं.”

“याहून वाईट काय जायचंय?” व्हर्ना म्हणाली. “राहू दे त्याला. सोबत होते.”

मित्रांनो, माझं सगळं आयुष्य तुम्ही विसरलात तरी चालेल, पण पुढे जे घडलं ते नीट ऐका. फेब्रुवारीतल्या एका सकाळी त्यांच्या मुलाचा, रँडलचा फोन आला. तो दूर ओहायोत कारखान्यात कामाला होता. आईला बघायला तो गाडीने निघत होता. होलिस तेव्हा परसात लाकडं फोडत होता.

“धावतपळत येऊ नकोस,” व्हर्ना फोनवर रँडलला म्हणाली. तिला एकेक शब्द जड जात होता. “रस्त्यावर बर्फ आहे. वाटेत थांब, पोटभर जेव. मी कुठे पळून चालले नाही.”

होलिस लाकडं घेऊन आत आल्यावर ती त्याला म्हणाली, “मला मासा खावासा वाटतोय.”

“तुला घोटभर पाणी गिळवत नाही.”

“तळलेल्याचा वास तरी येऊ दे घरात. जुन्या रस्त्याच्या वळणावर जा, तिथे खोल आहे. आणि ताक घुसळू नकोस.”

तो गेला. त्याला जायचं नव्हतं, हे त्याच्या पाठीवरून मला दिसत होतं. पण तिने कितीतरी दिवसांनी काहीतरी मागितलं होतं. ओपल स्वयंपाकघरात घेवड्याच्या शेंगा निवडत बसली होती. होडीच्या यंत्राचा आवाज दूर गेला, तेव्हा व्हर्ना माझ्याकडे बघून हळूच म्हणाली, “बरं झालं, दोघंही लांब आहेत. ते समोर असते तर माझा पाय निघाला नसता.”

थोड्या वेळाने ती गेली. हे शब्द माझ्याशिवाय कोणीच ऐकले नव्हते.

रँडल आधी पोहोचला आणि होलिस नंतर आला. त्याच्या हातात चांगला मोठा मासा होता. रँडल आईच्या उशाशी बसला होता. तो उठला आणि बापावर ओरडला, “ती इथे मरत होती आणि तुम्ही मासे मारत बसलात?”

‘तिनेच मला पाठवलं,’ एवढं होलिसने म्हटलं असतं तरी पुरलं असतं. पण होलिसला वाटलं, मुलगा बोलतोय ते खरंच आहे, आपण जायला नको होतं. त्याने मान खाली घातली आणि मासा दाराबाहेर ठेवला. आणि रँडल? आपण वाटेत गाडी थांबवली, गरम गरम खाल्लं, वर आणखी एक कॉफी घेतली, हे त्याला टोचत होतं. ते त्याने कोणाला सांगितलं नाही. सगळा राग मात्र बापावर काढला. एकाच बाईने दोघांनाही प्रेमाने दूर ठेवलं होतं. दोघांकडे त्या गोष्टीचा एकेक तुकडा होता आणि दोघांनीही तो लाजेने लपवला. मी तिथेच उभा होतो. माझी पानं तेवढी गळत राहिली.

अंत्यविधी झाला आणि रँडल निरोप न घेता निघून गेला. होलिसने मला एकट्याने होडीत चढवलं आणि या वळणावर आणून सोडलं. पाणी इतकं गार होतं की माझ्या फांद्या कडकडल्या. थोड्याच दिवसांत मासे आले आणि माझ्या आडोशाला वसले.

मग दर हिवाळ्यात होलिस यायचा. होडी पत्र्याची, त्यामुळे वर बोललेलं खाली पाण्यात स्पष्ट उतरतं. तो गळ सोडायचा आणि हात हलवायचा नाही. एव्हाना तो शिकला होता. मासा लागला की त्याला हातात धरून म्हणायचा, “बघ व्हर्ना, केवढा आहे,” आणि परत सोडून द्यायचा. घरी एकही नेला नाही. त्याचे कितीतरी गळ माझ्या फांद्यांत अडकून तुटले. त्यावरून तो मला शिव्या द्यायचा आणि लगेच म्हणायचा, “पण तुझ्यासारखं झाड नाही हो सगळ्या तलावात.” मला फार बरं वाटायचं. कधीकधी तो गळही सोडायचा नाही. नुसता बसायचा, आणि मला माहीत असायचं की त्याच्या डोक्यात तीच सकाळ आहे. तेव्हा मला वाटायचं, फक्त एक वाक्य, एकच, वर पाठवता आलं तर!

एका हिवाळ्यात धरणाच्या दुरुस्तीसाठी पाणी नेहमीपेक्षा फार खाली उतरवलं. मी उघड्यावर आलो. चिखलात उभा, अंगाला शेवाळ आणि फांद्याफांद्यांवर लटकलेले गळ. ते गोळा करायला लोक येऊ लागले. मला बघितल्याशिवाय होलिसला राहवेना. गुडघे चालत नव्हते, तरी तो निघाला. ओपलने आपणहून रँडलला फोन केला होता, “तुझा बाप चिखलात रुतून मरेल. ये.” म्हणून तोही आला. कितीतरी वर्षांनी बापलेक शेजारी शेजारी उभे होते.

“हे आईचं झाड?” रँडलने विचारलं.

“हो. खाटेजवळचं.” होलिसने माझ्या बुंध्यावर हात ठेवला. “रँडल, त्या दिवशी तिने मासा मागितला होता रे. तिला गिळवत नव्हतं, हे मला ठाऊक होतं. तरी गेलो. मला कळायला हवं होतं.”

फांदीतला गळ सोडवणारा रँडलचा हात थांबला. आईने बापाला पाठवलं होतं, हे त्याने आज पहिल्यांदा ऐकलं. त्याचे ओठ हलले. माझ्यातलं उरलंसुरलं लाकूड ताठ झालं. बोल, आता बोल!

“बाबा...”

“काय रे?”

“काही नाही. चला, वारा सुटलाय. गुडघे धरतील तुमचे.”

दोघं चिखल तुडवत हळूहळू वर गेले. रँडलने बापाचा दंड धरला होता. बोलायला पुढे खूप दिवस आहेत, असं त्याला वाटलं असावं.

वसंतात पाणी पुन्हा चढलं. पुढच्या हिवाळ्यात होलिसची होडी आली, पण होलिस आता राहिला नव्हता; तिच्यात रँडल एकटाच होता. त्याने गळ सोडला. मग तो पाण्याशी बोलू लागला.

“बाबा, तिने मलाही सांगितलं होतं. सावकाश ये, वाटेत जेव म्हणाली. मी थांबलो. तिने दोघांनाही मुद्दाम लांब ठेवलं, बाबा. तुमचं काही चुकलं नव्हतं. त्या दिवशी चिखलात सांगणार होतो तुम्हाला. खरंच सांगणार होतो.”

एका मोठ्या माशाने त्याचा गळ धरला, दोरी ताणली आणि गळ सोडून दिला. त्याला ते कळलंही नाही. तो हमसून हमसून रडत होता.

मित्रांनो, तुमच्या घरात कोणी कोणाशी अबोला धरला असेल, आणि तुमच्याजवळ सांगण्यासारखं काही असेल, तर आज जेवायला बसण्याआधी ते सांगून टाका. मी झाड आहे, मला बोलता येत नव्हतं. रँडलला येत होतं.