आईच्या निरोपाचं माप

मी स्क्रीनवरच्या लिहायच्या चौकटी बनवते. नुसती अक्षरं मोजून चौकटीची रुंदी ठरत नाही. एक अक्षर ऐसपैस बसतं, दुसरं अंग चोरून. म्हणून खरा मजकूर घालूनच माप घ्यावं लागतं. आई जाऊन वर्ष झालं, तरी मी मापाला तिचाच रोजचा निरोप घालते: "पोचलीस की कळव गं, तोवर माझा जीव टांगणीला."

आज साहेब वैतागले. "अगं, एवढी रुंद कशाला? लोक नुसतं 'हो' लिहितात."

"लिहू देत! पण कुणाची आई लिहायला बसली, तर तिनं मावायचं कुठं?"

साहेब आपल्या जागेवर गेले. मी निरोप पुसला आणि त्या जागी लिहिलं, "पोचले."

जवळजवळ सगळी चौकट रिकामीच राहिली.